वायफायचा डबा : कंपनीचा की घरचा?

गॅसचं कनेक्शन घेताना एक गोष्ट आपण कधी विसरत नाही. सिलिंडर आणि रेग्युलेटर कंपनीचे. त्यांच्यासाठी अनामत रक्कम भरायची आणि तो कागद जपून ठेवायचा. शेगडी मात्र आपली. दोन बर्नरची घ्या, तीन बर्नरची घ्या, काचेची घ्या नाहीतर स्टीलची. कंपनी त्यात बोलत नाही. गाव बदललं तर सिलिंडर-रेग्युलेटर परत करायचे, अनामत परत घ्यायची आणि शेगडी सामानाबरोबर न्यायची. यातलं कुणाचं काय, हे घरातल्या प्रत्येक बाईला पाठ असतं.

आता जरा दिवाणखान्यात या. टीव्हीच्या वर नाहीतर शोकेसच्या मागे दोन-तीन शिंगांचा एक डबा लुकलुकत बसलेला असेल. वायफायचा डबा. तो कुणाचा?

आमच्या भिशीत मी हा प्रश्न सहज काढला. बहुतेकींचं उत्तर एकच : "ते ह्यांना माहीत!" एकीने सांगितलं, "फुकट दिलाय." दुसरी म्हणाली, "दीड हजार भरलेत, पण ते डिपॉझिट होतं की किंमत, कोण जाणे!" मैत्रिणींनो, या डब्यातून आता मुलांचा अभ्यास येतो, बँकेचा व्यवहार होतो, कुणाच्या दिराची नाहीतर सुनेची नोकरी चालते आणि कितीतरी जणींचा घरबसल्या व्यवसायही चालतो. ज्याच्यावर एवढं घर टेकलं आहे, तो डबा कुणाच्या मालकीचा हे ठाऊक नसणं परवडणारं नाही. म्हणून आज त्याचाच विचार करू. कंपनीने दिलेला राउटर ठेवावा, की स्वतःचा विकत घ्यावा?

डबा एक, कामं दोन

आधी हा डबा करतो काय, ते पाहू. आजकाल शहरांत आणि बऱ्याच गावांतही घरचं इंटरनेट येतं ते फायबरच्या तारेतून. ही तार म्हणजे केसासारखा बारीक काचेचा धागा. त्यातून वीज नव्हे, प्रकाश वाहतो. आपल्या मोबाईलला किंवा कॉम्प्युटरला तो प्रकाश कळत नाही. त्या प्रकाशाचं विजेच्या संदेशात रूपांतर करायचं, हे पहिलं काम. ते करणाऱ्या भागाला ओएनटी किंवा ओएनयू म्हणतात; तार जोडायला येणारी मुलं त्याला नुसतं 'मोडेम' म्हणतात. आलेलं इंटरनेट घरातल्या सगळ्यांना वाटून द्यायचं, हे दुसरं काम. ते राउटरचं.

काही घरांत या दोन कामांचे दोन वेगळे डबे असतात, काही घरांत दोन्ही कामं एकाच डब्यात असतात. सगळा घोटाळा होतो तो इथेच.

पहिला भाग गॅसच्या रेग्युलेटरसारखा आहे. एका काचेच्या तारेला फाटे काढून ३२ किंवा ६४ घरांना कनेक्शन देता येतं. प्रत्येक घराच्या डब्याने आपली पाळी आली की बोलायचं, अशी त्यात शिस्त असते. त्यासाठी प्रत्येक डब्याचा क्रमांक कंपनीच्या केंद्रात नोंदलेला असतो. नोंद नसलेला डबा तारेला लावला, तर लुकलुकेल पण इंटरनेट देणार नाही. दुसरा भाग, म्हणजे राउटर, हा शेगडीसारखा. तो कंपनीचा असो की तुमचा, त्याला फक्त मागून इंटरनेट मिळालं की झालं.

आमच्या शाळेतल्या एका मुलाच्या वडिलांनी मोठ्या हौसेने सहा हजारांचा राउटर आणला. घरी येऊन पाहतात तर फायबरच्या तारेचं हिरवं टोक लावायला त्यात जागाच नाही! दुकानदार म्हणाला, "साहेब, राउटर मागितला, राउटर दिला." त्याचंही बरोबरच होतं. दुकानात सहसा मिळतो तो फक्त दुसऱ्या कामाचा डबा. तो कंपनीच्या डब्याला छोट्या वायरने जोडायचा असतो. ते त्यांना कळल्यावर सहा हजार वाया गेले नाहीत. पण चार दिवस घरात बोलणी खावी लागली ती लागलीच!

तेव्हा खरा प्रश्न "सगळं कंपनीचं की सगळं आपलं" असा नाही. तार जिथे संपते तो डबा कंपनीकडेच राहू द्यावा, हे उत्तम. त्यापुढचा वायफायचा राउटर आपला असावा का, एवढंच ठरवायचं आहे.

आधी दोष कुणाचा ते पाहा

"इंटरनेट चालत नाही" म्हणून नवा राउटर आणणारे पुष्कळ. पण पोळी करपली तर दोष पिठाचा, तव्याचा की आचेचा हे आपण पाहतोच ना? तसंच इथे करा. लॅपटॉप कंपनीच्या डब्याला वायरने जोडा आणि वेग तपासा. लॅपटॉप नसेल तर मोबाईल घेऊन डब्यापासून दोन-तीन हातांवर उभ्या राहा. तिथेच वेग कमी असेल, तर दोष बहुधा तारेत किंवा कंपनीकडे आहे; दहा हजारांचा राउटर आणला तरी फरक पडणार नाही. डब्याजवळ उत्तम आणि आतल्या खोलीत रडतखडत, असं असेल तर दोष वायफायचा.

आणि तेव्हाही आधी डब्याची जागा बदलून पाहा. त्याला पैसे पडत नाहीत. जोडणारा मुलगा तार जिथून आत येते तिथेच, म्हणजे दाराजवळच्या कोपऱ्यात, डबा ठोकून मोकळा होतो. कारण त्याची तार वाचते. मग अर्धं वायफाय जिन्यात आणि शेजारच्या घरात! लोखंडी कपाट, मोठा आरसा, पाण्याची टाकी, माशांची पेटी यांच्या आड डबा ठेवू नका. धातू आणि पाणी या लहरींना फार अडवतात. जुन्या वाड्याच्या जाड भिंती आणि सिमेंट-सळ्यांच्या भिंतीही अडवतात. डबा घराच्या मध्यावर, उघड्यावर, डोक्याच्या उंचीवर असावा. धूळ बसू नये म्हणून त्यावर विणलेला रुमाल झाकणंही नको, तो आतून तापतो.

डबा हलवताना एक सांभाळा. फायबरची तार घडी पडेल अशी वाकवू नका आणि तिच्या टोकात कधीही डोकावून पाहू नका. त्यातला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण डोळ्यांना घातक ठरू शकतो. मुलांनाही हे बजावून ठेवा. तार लांबवायची असेल तर कंपनीच्या माणसालाच बोलवा.

कंपनीचाच डबा कुणाला पुरेल?

दोन-तीन खोल्यांचं घर, चार मोबाईल, एक टीव्ही, एखादा लॅपटॉप आणि १०० एमबीपीएसपर्यंतचा प्लॅन, एवढ्याला कंपनीचा डबा बहुधा पुरतो. त्याचे फायदेही लहान नाहीत. बिघडला तर एकच दार ठोठवायचं असतं. "राउटर तुमचा, आम्ही काय करणार?" असं कुणी म्हणू शकत नाही. कंपनीला आपल्या केंद्रातून या डब्याची तपासणी करता येते, तो बंद-चालू करता येतो, त्याच्या आतली आज्ञावली नवी करता येते. घरात वयस्कर माणसं एकटीच असतील तर ही मोठी सोय आहे. मुलगा बंगळूरला आणि आई-वडील मिरजेला, अशा घरात नवा राउटर लावून द्यायचा, पण तो अडला की पाहणार कोण?

दुसरं, त्याच कनेक्शनवर घरचा फोन किंवा टीव्हीचे चॅनेल चालत असतील, तर त्यांची नोंद बहुधा कंपनीच्या डब्यातच असते. तो डबा काढून टाकला तर इंटरनेटबरोबर फोनही गप्प होतो. सासऱ्यांचा पुण्याच्या बहिणीशी रोजचा फोन त्यावर असेल, तर घरात किती गोंधळ उडेल ते मी सांगायला नको!

मात्र कंपनी दुरून डबा दुरुस्त करू शकते याचा दुसरा अर्थ असा, की त्या डब्याची एक किल्ली कायम कंपनीकडे असते. कधी कधी दुरुस्तीनंतर आपण ठरवलेला पासवर्ड पुसला जातो आणि जुनाच परत येतो. शेजारच्या मुलांना तो जुना पासवर्ड माहीत असेल तर ती खुशाल आपल्या पैशावर सिनेमे पाहतात!

आपला राउटर कुणाला हवा?

माझी धाकटी जाऊ घरून नोकरी करते. तिचं टेबल आतल्या खोलीत, डबा दाराशी. सकाळी मीटिंग सुरू झाली की ही मोबाईल आणि लॅपटॉप घेऊन पॅसेजमध्ये स्टुलावर! कंपनीचा डबा जुना, एकाच पट्ट्यावर चालणारा होता. 'पट्टा' म्हणजे काय, ते सांगते. वायफायच्या लहरी मुख्यतः दोन प्रकारच्या. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात, भिंती पार करतात, पण त्यांचा वेग कमी आणि त्यावर गर्दी फार. मायक्रोवेव्ह ओव्हनसुद्धा साधारण याच लहरींवर चालतो, म्हणून दूध तापवायला ठेवलं की कधी कधी व्हिडिओ अडखळतो. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी वेगवान, पण एक-दोन भिंतींतच दमतात. चांगला राउटर दोन्ही पट्टे देतो. जावेने कंपनीचा डबा होता तिथेच ठेवला, त्यातून एक वायर भिंतीच्या कडेने आत नेली आणि दोन्ही पट्ट्यांचा आपला राउटर पॅसेजच्या मधोमध लावला. आता तिचं स्टूल स्वयंपाकघरात परत आलं आहे.

मोठं किंवा दुमजली घर, घरून नोकरी, ऑनलाइन शिकवण्या, वरच्या वेगाचा प्लॅन, असं काही असेल तर आपला राउटर घेण्यात अर्थ आहे. वारंवार भाड्याचं घर बदलणाऱ्यांनाही तो सोयीचा. कंपनी बदलली तरी घरातलं वायफायचं नाव आणि पासवर्ड तोच राहतो, प्रत्येक मोबाईल नव्याने जोडत बसावं लागत नाही. पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय, रात्री दहानंतर मुलांच्या टॅबला बंदी, अशा सोयी आपल्या राउटरवर आपल्या मनाप्रमाणे करता येतात.

तो जोडण्याचे दोन मार्ग आहेत. सोपा मार्ग म्हणजे कंपनीच्या डब्याचं वायफाय बंद करायचं आणि आपला राउटर 'ॲक्सेस पॉइंट' म्हणून फक्त वायफाय पुरवायला लावायचा. दुसरा मार्ग म्हणजे कंपनीला सांगून त्यांचा डबा 'ब्रिज मोड'वर ठेवायचा. मग घरातला सगळा कारभार आपला राउटर पाहतो. यासाठी बहुधा कनेक्शनचं युजरनेम आणि पासवर्ड कंपनीकडून मागून घ्यावा लागतो. दोन्ही डबे एकाच वेळी कारभारी होऊ देऊ नका. एका स्वयंपाकघरात दोघींनी वेगवेगळी फोडणी घातली की काय होतं, ते आपल्याला माहीत आहे!

आणि भिंतीत खोचायच्या स्वस्त 'रिपीटर'च्या फार मागे लागू नका. एकाच पट्ट्यावर ऐकून त्याच पट्ट्यावर पुढे सांगणारा रिपीटर वेग निम्म्यापर्यंत आणतो. वायर नेता येत असेल तर वायरच बरी.

पैशांचा हिशेब

कंपन्यांच्या पद्धती चार. काही अनामत घेतात आणि डबा परत केल्यावर ती परत करतात. काही दरमहा भाडं लावतात. काही डबा सरळ विकतात. आणि काही 'फुकट' देतात. पण सहा महिन्यांचा किंवा वर्षाचा प्लॅन आगाऊ घेतला तरच. ह्या फुकटाची किंमत प्लॅनमध्ये कुठेतरी बसवलेली असतेच, आणि कनेक्शन बंद केल्यावर तो डबा बहुधा परत मागतात.

भाड्याचा हिशेब पाहा. समजा, महिना १०० रुपये भाडं आहे. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की ११८ झाले. वर्षाचे १,४१६ आणि पाच वर्षांचे ७,०८०. एवढ्यात चांगला राउटर येतो. म्हणून भाडं असेल तिथे आपला राउटर घेणं सहसा फायद्याचं, पण एका अटीवर : आपला राउटर लावल्यावर भाडं खरंच बंद होतंय ना, हे आधी विचारून घ्या. डबा तोही ठेवायचा आणि भाडंही भरायचं, असं व्हायला नको. अनामत असेल आणि डबा समाधानकारक चालत असेल, तर उगीच खर्च करू नका.

विजेचाही विचार करा. १० वॅटचा डबा चोवीस तास चालला तर महिन्याला सुमारे ७ युनिट वीज खातो. दोन डबे झाले की १४. फार नाही, पण हिशेबात धरायला हवं. वीज जाणाऱ्या गावांत राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो. तो घेताना डब्याच्या अडॅप्टरवर किती व्होल्ट लिहिलंय ते पाहून घ्या, ९ च्या जागी १२ लावू नका. आणि दोन डबे असतील तर यूपीएसवर दोन्ही हवेत.

कुलूप कुणाचं पक्कं?

"कंपनीचा डबा सुरक्षित" म्हणणारे आहेत आणि "आपलाच सुरक्षित" म्हणणारेही आहेत. जगात घडलेल्या दोन गोष्टी सांगते.

नोव्हेंबर २०१६ मध्ये जर्मनीत डॉइच टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांचं इंटरनेट आणि फोन कोलमडले. कंपनीच्या राउटरवर बाहेरून हल्ला झाला होता, आणि तो दूरवरून देखभाल करण्याच्या वाटेनेच आला होता. सगळ्यांकडे त्याच जातीचे डबे, म्हणून एकाच वेळी सगळे आडवे. पण कंपनीनेच नवी आज्ञावली काढली आणि ग्राहकांना डबा बंद करून पुन्हा चालू करायला सांगितलं, तेव्हा ते सावरले.

दुसरी गोष्ट मे २०१८ मधली. 'व्हीपीएनफिल्टर' नावाच्या विषाणूने ५४ देशांतले निदान ५ लाख राउटर आणि तत्सम यंत्रं पोखरल्याचं उघडकीला आलं. यात लोकांनी बाजारातून विकत घेतलेले, नावाजलेल्या कंपन्यांचे राउटर होते. अमेरिकेच्या तपास यंत्रणेने, म्हणजे एफबीआयने, लोकांना राउटर बंद करून पुन्हा चालू करण्याचं आवाहन केलं. इथे घरोघर जाऊन दुरुस्ती करणारं कुणी नव्हतं. ज्याचं त्याने पाहायचं.

यातून शिकायचं ते हे. कंपनीचा डबा असेल तर राखण कंपनीची, पण किल्लीही तिच्याकडे. आपला असेल तर किल्ली आपली आणि राखणही आपलीच. लोणच्याची बरणी अधूनमधून उघडून पाहतो, तसं दोन-तीन महिन्यांनी राउटरचं ॲप उघडून 'अपडेट' आलंय का पाहण्याची तयारी नसेल, तर स्वतःचा राउटर घेण्यापूर्वी दोनदा विचार करा.

अमेरिकेतल्या लेकीचा सल्ला

परदेशी राहणारी मुलं फोनवर हटकून सांगतात, "आई, कंपनीचा राउटर कशाला ठेवलास? स्वतःचा घे." त्यांचं त्यांच्या जागी बरोबर आहे. अमेरिकेत केबलच्या इंटरनेटला डब्याचं वेगळं मासिक भाडं पुष्कळदा लावतात आणि तिथे बाजारातून आणलेलं मोडेमही चालतं. काही ठिकाणी ग्राहकाने स्वतःचं यंत्र लावलं तरी भाडं आकारलं जाई. त्याला मनाई करणारा कायदा तिथे डिसेंबर २०२० पासून लागू झाला. जर्मनीत १ ऑगस्ट २०१६ पासून ग्राहकाला स्वतःचा राउटर लावण्याचा हक्क कायद्यानेच आहे आणि त्यासाठी लागणारी युजरनेम-पासवर्डची माहिती कंपनीने द्यावीच लागते.

आपल्याकडे कंपनीगणिक पद्धत निराळी. म्हणून लेकीचा सल्ला अर्धा घ्यावा. राउटर स्वतःचा, हे ठीक. पण फायबरचा डबा काढून फेकायचा नाही.

दुकानात जाताना

राउटर घ्यायचं ठरलंच, तर चिठ्ठीवर एवढं लिहून न्या. दोन्ही पट्टे हवेत. वायफाय ६ किंवा त्यापुढचा असावा. सुरक्षिततेसाठी डब्ल्यूपीए३ ची सोय हवी. ही पद्धत २०१८ मध्ये आली. मागच्या वायरच्या खाचा 'गिगाबिट' हव्यात. ही शेवटची बाब फार जण विसरतात. खाच १०० एमबीपीएसची असेल तर ३०० चा प्लॅन घेऊनही तिच्यातून १०० च्या वर येणार नाही, म्हणजे तोटी बारीक आणि टाकी मोठी! वायरही 'कॅट ५ई' किंवा त्यावरची घ्या. शिंगं किती आहेत यावर भुलू नका. सहा शिंगांचा राउटर चार शिंगांच्या राउटरपेक्षा चांगला असतोच असं नाही. वॉरंटी किती वर्षं आणि आपल्या गावात दुरुस्तीची सोय आहे का, हे विचारा.

नाव कुणाचं, किल्ली कुणाची?

आता जे सांगणार आहे, ते राउटर कुठलाही असला तरी लागू आहे.

आमच्या इमारतीतल्या एक काकू पोळी-भाजीच्या डब्यांच्या ऑर्डरी घेतात. सगळा व्यवहार मोबाईलवर. दोन वर्षांपूर्वी काका अचानक गेले. कनेक्शन काकांच्या नावावर, ओटीपी काकांच्या मोबाईलवर, आणि तो नंबर रिचार्जअभावी बंद झालेला. वायफायचा पासवर्डही काकांनाच ठाऊक. काकूंनी दुसरं कनेक्शन घ्यायचं ठरवलं, तर जुना केबलवाला दारात हजर : "राउटर आमचा आहे, परत द्या, नाहीतर दोन हजार भरा." दुःखात असलेली बाई काय वाद घालणार? पैसे काढून द्यायला त्या निघाल्याच होत्या. पण काका मोठे टापटिपीचे. त्यांच्या फायलीत त्याच केबलवाल्याची पावती निघाली. तीवर डबा 'विक्री' म्हणून लिहिला होता, खाली सही-शिक्का. ती पाहिल्यावर तो गृहस्थ एक शब्द न बोलता जिना उतरला.

एका कागदाने दोन हजार वाचले, हे खरंच. पण त्याहून मोठी गोष्ट अशी, की आपल्या घरातलं काय आपलं आहे हे काकूंना परक्याच्या तोंडून ऐकावं लागलं नाही. डबा आणताना तुमचे मालक, मुलगा नाहीतर दीर पुढे असतील, हरकत नाही. पण तो कागद कुठे आहे, पासवर्ड काय आहे, तक्रार कुठे करायची, हे घरातल्या बाईला माहीत हवंच. दुपारी इंटरनेट बंद पडतं तेव्हा घरात असते ती तीच!

म्हणून हे एवढं याच आठवड्यात करा :

१. डब्याची पावती शोधा. ती अनामतीची, भाड्याची की विक्रीची, ते वाचा. पावती नसेल तर मागून घ्या. निदान मेसेजवर तरी लिहून घ्या. गॅसच्या कागदांबरोबर ठेवा.

२. कनेक्शन ज्याच्या नावावर आहे त्याच्याशिवाय घरातला आणखी एक मोबाईल नंबर कंपनीकडे नोंदवता येतो का, विचारा.

३. पासवर्ड दोन असतात. एक वायफाय जोडण्याचा, दुसरा राउटरच्या कारभाराचा. जोडणाऱ्या मुलाने ठेवलेले दोन्ही बदला. 'ॲडमिन', फ्लॅटचा नंबर, मोबाईल नंबर, मुलाचं नाव हे पासवर्ड नकोत. नवा पासवर्ड जमाखर्चाच्या वहीत लिहून ठेवा. कंपनीच्या डब्याच्या कारभाराचा पासवर्ड बदलू देत नसतील, तर वायफायचा तरी बदलाच.

४. कोण कोण जोडलेलं आहे त्याची यादी राउटरच्या ॲपमध्ये दिसते. महिन्यातून एकदा पाहा. घरात पाच मोबाईल आणि यादीत नऊ, तर समजून घ्या!

५. मागचं बारीक छिद्रातलं 'रीसेट' बटण दाबू नका. त्याने कनेक्शनची नोंदही पुसली जाऊ शकते आणि मग माणूस येईपर्यंत घर बंद. बंद-चालू करायचं तर विजेचं बटण वापरा.

६. कनेक्शन सोडताना डबा, अडॅप्टर आणि वायर मोजून परत द्या, डब्यावरच्या क्रमांकाचा फोटो काढा आणि 'परत मिळाला' अशी पोच घ्या. पोच मिळाल्याशिवाय डबा हातातून सोडू नका.

७. तक्रार केली की तक्रारीचा क्रमांक मागा. कंपनीकडे दाद लागली नाही तर तिच्याच अपील विभागाकडे जाता येतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. टेलिकॉम कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगाकडेही जाता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे.

थोडक्यात सांगायचं तर, लहान घराला कंपनीचा डबा पुरेसा आहे. तो भाड्याचा नसेल तर ठेवाच. मोठ्या घराला, घरून काम करणाऱ्यांना आणि भाडं भरणाऱ्यांना आपला राउटर परवडतो. फायबरचा डबा दोघींनीही कंपनीकडेच ठेवावा. आणि डबा कुणाचाही असो, पावती फायलीत आणि पासवर्ड वहीत, एवढा नेम आपण पाळायला हवा.